अर्ध्या किमतीचं कुपन : नवं गिऱ्हाईक मिळतं की गल्ला रिकामा होतो?

दसरा-दिवाळी जवळ आली की तालुक्याच्या बाजारपेठेत पाठीला बॅग लावलेली तरुण मुलं दुकानादुकानांत दिसायला लागतात. हॉटेल, ब्युटी पार्लर, जिम, फोटो स्टुडिओ, कृषी पर्यटन केंद्र, कुणालाच सोडत नाहीत. त्यांचं बोलणं ठरलेलं असतं. "शेठ, आमच्या ॲपवर या. पन्नास टक्क्यांची ऑफर टाका. एक रुपया भरायचा नाही, जाहिरात फुकट. महिन्याभरात पाचशे नवी गिऱ्हाइकं आणतो."

ऐकायला बरं वाटतं. फ्लेक्स लावायचा तर पैसे लागतात, रिक्षावर भोंगा फिरवायचा तर पैसे लागतात, पेपरात पत्रकं टाकायची तरी पैसे लागतात. इथे मात्र खिशाला हात लावायचा नाही आणि गर्दी दारात. मग अडचण काय?

अडचण 'फुकट' या शब्दात आहे. कुपनाच्या जाहिरातीचे पैसे रोख द्यावे लागत नाहीत, ते मालात द्यावे लागतात. प्रत्येक थाळीमागे, प्रत्येक फेशियलमागे, प्रत्येक खोलीमागे थोडे थोडे जातात. रोख दिलेले पैसे वहीत दिसतात, मालात गेलेले दिसत नाहीत. म्हणून ऑफर संपल्यावर दोन महिन्यांनी किराणावाल्याची उधारी वाढलेली दिसते, तेव्हा ती कशामुळे वाढली हेच कळत नाही.

हे गणित नवं नाही. अमेरिकेपासून मुंबई-पुण्यापर्यंत हजारो छोट्या व्यावसायिकांनी ते करून पाहिलं आहे. काहींना फायदा झाला, काहींची वर्षाची कमाई गेली. कोणाला फायदा झाला आणि कोण बुडालं, हे समजून घेतलं तर सही करायची की नाही ते ठरवता येतं.

सुरुवात शिकागोतून

नोव्हेंबर २००८ मध्ये अमेरिकेतल्या शिकागो शहरात ग्रुपॉन नावाची कंपनी सुरू झाली. 'ग्रुप' आणि 'कुपन' या दोन शब्दांतून हे नाव बनलं. पहिली ऑफर होती कंपनीच्या इमारतीत तळमजल्यावर असलेल्या हॉटेलातल्या पिझ्झाची, एकाच्या किमतीत दोन. कल्पना साधी होती. ठरलेल्या संख्येइतक्या लोकांनी कुपन घेतलं तरच ऑफर लागू, नाहीतर रद्द. त्यामुळे ज्याला स्वस्तात हवं तो आपल्या ओळखीच्या चार जणांना सांगणार. जाहिरात गिऱ्हाईकच करणार.

दुकानदाराने साधारण निम्म्या किमतीची सवलत द्यायची, आणि जे पैसे जमा होतील त्यातला सुमारे निम्मा वाटा कंपनीने घ्यायचा, असा तेव्हाचा शिरस्ता होता. म्हणजे शंभर रुपयांच्या वस्तूचे दुकानदाराच्या हातात पंचवीसच रुपये.

तरीही दुकानदारांनी रांगा लावल्या. २०१० च्या अखेरीला गुगलने ही कंपनी सुमारे ६०० कोटी डॉलरला विकत मागितली, मालकांनी नकार दिला. नोव्हेंबर २०११ मध्ये तिचा शेअर २० डॉलरने बाजारात आला. वर्षभरात तोच शेअर ३ डॉलरच्या खाली गेला. २०१३ मध्ये संस्थापक अँड्र्यू मेसन यांना संचालक मंडळाने पदावरून काढलं.

भारतातही तेच वारं आलं. स्नॅपडील आज वस्तू विकणारी साइट म्हणून माहीत आहे, पण २०१० मध्ये ती सुरू झाली ती हॉटेल आणि पार्लरची कुपनं विकण्यासाठी. पुढच्याच वर्षी तिने मोर्चा वस्तूंच्या विक्रीकडे वळवला. ग्रुपॉनने २०११ मध्ये 'सोसस्ता' ही भारतीय साइट विकत घेऊन इथे पाय रोवले. २०१५ मध्ये ग्रुपॉनची भारतातली शाखा वेगळी होऊन तिचं 'नियरबाय' झालं, आणि २०१७ च्या अखेरीला पेटीएमने त्यात मोठा वाटा घेतला. नावं बदलली, पण पद्धत मेली नाही. आज तीच पद्धत हॉटेलांच्या बिलावर सवलत देणाऱ्या ॲपमध्ये, सभासद योजनांमध्ये आणि 'मित्राला जोडा, भाव कमी करा' असल्या ऑफरमध्ये दिसते.

नऊ रुपये किलो कांदा

या धंद्याची भारतातली सर्वांत गाजलेली ऑफर कांद्याची होती. सप्टेंबर २०१३. शहरांत कांदा किलोला ८० रुपयांच्या आसपास गेला होता. ग्रुपॉनच्या भारतीय साइटने ९ रुपये किलोने घरपोच कांदा जाहीर केला. अवघ्या ४४ मिनिटांत ३,००० किलो कांदा संपला आणि गर्दीने साइटच बंद पडली. देशविदेशातल्या पेपरांत बातम्या आल्या.

कांदा पिकवणाऱ्या भागातल्या माणसाला हे वाचून पहिला प्रश्न पडेल: नऊ रुपयांत परवडलं कुणाला? परवडलं कुणालाच नाही. फरक कंपनीने स्वतःच्या खिशातून घातला. किलोमागे ७० रुपये धरले तर ३,००० किलोचे साधारण दोन लाख दहा हजार रुपये, वर पोहोचवण्याचा खर्च. तेवढ्या पैशात कंपनीचं नाव देशभर झालं. टीव्हीवरच्या जाहिरातीला याच्या कितीतरी पट मोजावे लागले असते.

यात शिकण्यासारखं एक आहे. कंपनीने स्वतः तोटा सोसला तेव्हा माल मोजून ठेवला. ३,००० किलो संपला की दुकान बंद. तोट्याचा आकडा आधीच ठरलेला होता. छोटे दुकानदार ऑफर टाकतात तेव्हा नेमकी हीच काळजी घेतली जात नाही.

एक लाख दोन हजार केक

ती काळजी न घेतल्याने काय होतं, याचं उदाहरण इंग्लंडमध्ये घडलं. २०११ मध्ये रेडिंग शहराजवळच्या एका बेकरीवाल्या बाईंनी कुपन साइटवर ऑफर टाकली. २६ पौंडांचे डझनभर कपकेक साडेसहा पौंडांना. काही गिऱ्हाइकं वाढतील अशी अपेक्षा होती. कुपनं घेतली ८,५०० लोकांनी. म्हणजे १,०२,००० केक बनवायचे!

बेकरी छोटी, माणसं मोजकी. बाहेरून २५ माणसं कामाला आणावी लागली. प्रत्येक डझनामागे अडीच पौंडांच्या आसपास तोटा होत गेला. शेवटी १२,५०० पौंडांचा फटका बसला आणि वर्षभराचा नफा त्यात गेला. केक चांगले नव्हते असं नाही, बाई कष्टाळू नव्हत्या असंही नाही. करारात कुपनांच्या संख्येला मर्यादा घातलेली नव्हती, एवढंच.

अभ्यास काय सांगतो?

अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात मार्केटिंग शिकवणारे प्राध्यापक उत्पल ढोलकिया यांनी या विषयावर सर्वांत आधी नीट अभ्यास केला. २०१० मध्ये त्यांनी ग्रुपॉनवर ऑफर दिलेले १५० व्यवसाय तपासले. ६६ टक्के लोकांनी फायदा झाल्याचं सांगितलं, ३२ टक्के लोकांनी तोटा. आणि ४० टक्क्यांहून जास्त लोक म्हणाले, पुन्हा या वाटेला जाणार नाही.

२०११ मध्ये त्यांनी वेगवेगळ्या साइटवरचे ३२४ व्यवसाय पाहिले. साडेपंचावन्न टक्के फायद्यात, साडेसव्वीस टक्के तोट्यात, बाकीचे काठावर. कुपन घेऊन आलेल्यांपैकी सुमारे ८० टक्के लोक नवे होते. ही जमेची बाजू. पण कुपनाच्या रकमेपेक्षा जास्त खर्च करणारे होते ३६ टक्के, आणि नंतर पूर्ण भावाने माल घ्यायला परत आलेले फक्त २० टक्के. म्हणजे पाच जण आले तर त्यातला एक टिकला.

आणखी एक गोष्ट पहिल्या अभ्यासात दिसली. पार्लर आणि स्पा यांना फायदा जास्त झाला, हॉटेलांना सर्वांत कमी. तसंच जिथले कामगार खूश होते तिथे ऑफर फायद्यात गेली. जिथे कामगारांना न सांगता गर्दी अंगावर आली तिथे गणित बिघडलं. वेटरवर दुप्पट काम पडलं, त्याने आदळआपट केली, नवं गिऱ्हाईक नाराज झालं. एवढा खर्च करून आणलेला माणूस पहिल्याच दिवशी गेला.

नाराजीचा हिशेबही झाला आहे. बोस्टन विद्यापीठ आणि हार्वर्डच्या संशोधकांना दिसलं की कुपनवाल्या गिऱ्हाइकांनी दिलेले स्टार इतरांपेक्षा सरासरी १० टक्के कमी असतात. आज तालुक्याच्या हॉटेललाही गुगलवर स्टार मिळतात आणि हायवेवरचा प्रवासी ते बघूनच गाडी वळवतो. त्यामुळे हा तोटाही धरायला हवा.

थाळीचं गणित

आता आपल्याकडचं उदाहरण घेऊ. आकडे समजुतीसाठी आहेत, प्रत्येकाने आपले घालून बघावेत.

समजा थाळी २०० रुपयांची. किराणा, भाजी, तेल, गॅस मिळून एका थाळीला ९० रुपये जातात. एरवी एका थाळीमागे ११० रुपये सुटतात, त्यातून भाडं, पगार, वीज भागते.

कुपनाने थाळी १०० रुपयांना गेली. निम्मे, म्हणजे ५० रुपये, कंपनीचे. कंपनीच्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी, ९ रुपये. छोट्या हॉटेलवाल्याला हा कर सहसा परत मिळत नाही. हातात आले ४१. खर्च ९०. एका थाळीमागे ४९ रुपये तोटा.

३०० कुपनं गेली तर १४,७०० रुपये तोटा. ढोलकियांच्या आकड्याप्रमाणे पाचातला एक परत आला असं धरलं, तर ६० माणसं. त्यांच्याकडून एका फेरीत सुटणार ६,६०० रुपये. म्हणजे ही ६० माणसं प्रत्येकी तीनदा पूर्ण पैसे देऊन जेवली, तर कुठे खर्च निघाला आणि वर थोडे उरले. हे अशक्य नाही. पण हे सगळं ती ३०० माणसं नवी आहेत असं धरून झालं.

जुनं गिऱ्हाईक कुपन घेऊन आलं तर? ते एरवी २०० देऊन जेवलंच असतं. त्याच्याकडून मिळणारे ११० गेले आणि वर ४९ घातले. तोटा ४९ नाही, १५९ रुपयांचा. ३०० पैकी १०० जण जुने निघाले तर एकूण फटका २५,७०० रुपयांवर जातो. नवे उरले २००, त्यातले टिकणार ४०. त्यांना प्रत्येकी सहा वेळा जेवायला यावं लागेल तेव्हा बरोबरी होईल.

शहर वेगळं, तालुका वेगळा

इथेच तालुक्याच्या बाजारपेठेची गोष्ट शहराहून वेगळी होते, आणि ती कंपनीच्या माणसाला सहसा ठाऊक नसते.

पुण्यासारख्या शहरात एका पेठेतल्या माणसाला दुसऱ्या टोकाचं हॉटेल माहीत नसतं. तिथे ॲप ओळख करून देतं. कमिशन म्हणजे त्या ओळखीची फी. तालुक्याच्या गावात बसस्टँडसमोरची खानावळ कुणाला माहीत नाही? आठवडी बाजाराला येणारा माणूस तिथेच चहा पितो, त्याचा बापही तिथेच प्यायचा. ज्याची ओळख आधीच आहे त्याची ओळख करून देण्यासाठी फी मोजायची, वर त्यालाच अर्ध्या किमतीत जेवू घालायचं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, यालाच म्हणतात.

दुसरं म्हणजे शहरात कुपनवाला आणि रोजचा गिऱ्हाईक एकमेकांना ओळखत नाहीत. तालुक्यात ते चुलतभाऊ निघतात. दहा वर्षं रोज येणारा माणूस पूर्ण पैसे देतो आणि शेजारच्या टेबलावरचा पोरगा मोबाइल दाखवून निम्म्यात जेवतो, ही गोष्ट संध्याकाळपर्यंत गावभर होते. मग जुना माणूस काउंटरवर येऊन विचारतो, "आम्ही काय घोडं मारलंय?" याला उत्तर नसतं. एक तर त्यालाही सवलत द्यावी लागते, नाहीतर तो दुखावतो.

तिसरं, भावाची सवय. एकदा २०० ची थाळी १०० ला मिळाली की लोकांच्या डोक्यात तिची किंमत १०० बसते. ऑफर संपली की "आता परत कधी लागणार?" असं विचारून लोक थांबतात.

म्हणून पहिला प्रश्न हाच: येणारं गिऱ्हाईक खरंच अनोळखी आहे का? हायवेवरचा धाबा, किल्ल्याच्या पायथ्याचं हॉटेल, देवस्थानाजवळचं लॉज, धरणाकाठचं पर्यटन केंद्र, यांचं गिऱ्हाईक परगावचं असतं. त्यांना ओळखीसाठी फी मोजणं परवडू शकतं. गावातल्या चौकातल्या दुकानाला नाही.

रिकामी खुर्ची, रिकामी खोली

दुसरा प्रश्न: सवलत येते कुठून?

थाळीत निम्मा खर्च मालाचा असतो. प्रत्येक जास्तीच्या माणसामागे तेवढा माल लागतोच. पार्लरमध्ये तसं नाही. ६०० रुपयांच्या फेशियलला समजा १२० रुपयांचं सामान लागतं. जागेचं भाडं आणि मदतनीस मुलीचा पगार खुर्ची भरली तरी तेवढाच, रिकामी राहिली तरी तेवढाच. मंगळवारी दुपारी खुर्ची रिकामीच असते. कुपनाने ३०० रुपये आले, १५० कंपनीला, २७ कर, हातात १२३. सामानाचे १२० गेले. उरले ३ रुपये. नफा नाही, पण तोटाही नाही, आणि एक नवी बाई खुर्चीत बसून काम बघून गेली. तिने सोबत आयब्रो किंवा हेअरकट करून घेतला तर तो पूर्ण भावाचा. जाहिरात खऱ्या अर्थाने फुकट इथे होते.

अर्थात लग्नसराईत, खुर्ची रिकामी नसताना हीच ऑफर चालू राहिली तर पूर्ण पैसे देणारी नवरी परत जाते आणि कुपनवाली बसून राहते.

कृषी पर्यटन केंद्रांचं गणितही असंच आहे. राज्य सरकारने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आणल्यानंतर अनेक शेतकरी कुटुंबं या धंद्याकडे वळली आहेत. हुर्ड्याच्या दिवसांत शनिवार-रविवार जागा नसते, सोमवार ते गुरुवार मात्र खाटा रिकाम्या. समजा माणशी १,००० रुपये दर आणि जेवण-नाश्त्याचा खर्च ३५०. मधल्या वारांसाठी २५ टक्के सवलत दिली, २० टक्के कमिशन ठरवलं. ७५० मधून १५० कमिशन आणि २७ कर गेला, हातात ५७३. खर्च वजा जाता २२३ रुपये सुटले. रिकाम्या दिवसापेक्षा हे बरंच. तीच सवलत रविवारी दिली, तर जिथे ६५० सुटले असते तिथे २२३ मिळतील. ऑफर तीच, वार बदलला की फायद्याचा तोटा होतो.

एकत्र खरेदीची खरी ताकद

या सगळ्यात 'ग्रुप' या शब्दाकडे दुर्लक्ष होतं. शंभर जणांनी एकत्र येऊन थाळी घेतली म्हणून थाळीचा खर्च कमी होत नाही. शंभर जण शंभर वेगवेगळ्या दिवशी येणार, शंभर पोळ्यांचे घास तितकेच. तिथे 'ग्रुप' नुसता नावाला आहे. पण काही ठिकाणी माणसं एकत्र आली की खर्च खरोखर वाचतो.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये ते दिसलं. बाजार समित्या कधी चालू, कधी बंद. तेव्हा राज्यातल्या अनेक शेतकरी गटांनी पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांना थेट भाजी आणि फळं पुरवली. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ऑर्डर गोळा व्हायची, टेम्पो एका गेटवर उभा राहायचा, माल उतरायचा. कोकणातल्या हापूसच्या पेट्याही अशाच गेल्या. चाळीस घरांची ऑर्डर एका जागी, त्यामुळे भाड्याचा खर्च चाळीसांत वाटला. मधली हमाली आणि मधला नफा कमी झाला. गिऱ्हाइकाला स्वस्त मिळालं आणि शेतकऱ्यालाही चार पैसे जास्त. ही सवलत कुणाच्या गल्ल्यातून निघालेली नव्हती, वाचलेल्या खर्चातून आली होती.

गावाला हे शिकवायला नको. दहा शेतकरी मिळून खताची एक गाडी मागवतात, बचत गटाच्या बाया वर्षाचा गहू एकत्र घेतात, तेव्हा हेच होतं. कुपन कंपन्यांनी शोधलं म्हणून जे सांगितलं जातं, त्यातला चांगला भाग सहकारात आधीपासून होता.

चीनमध्ये २०१५ साली सुरू झालेली पिनडुओडुओ ही कंपनी याच वाटेने मोठी झाली. ओळखीच्या लोकांनी मिळून ऑर्डर दिली की फळं-भाजी स्वस्त. शेतकऱ्यांचा माल थेट जाऊ लागला. पण २०२० मध्ये मोठ्या कंपन्या गल्लीगल्लीत भाजी विकायला उतरल्या आणि एकमेकांना हरवण्यासाठी खर्चापेक्षा कमी भावात माल द्यायला लागल्या. कोपऱ्यावरचे भाजीवाले अडचणीत आले. सरकारी वृत्तपत्राने या कंपन्यांना सुनावलं, आणि मार्च २०२१ मध्ये पाच कंपन्यांना मिळून ६५ लाख युआनचा दंड झाला. सवलत बचतीतून येत होती तोवर सगळ्यांचं भलं होत होतं. ती गुंतवणूकदारांच्या पैशातून यायला लागली तेव्हा छोटा विक्रेता मेला.

हॉटेलवाल्यांनी 'लॉगआउट' केलं तेव्हा

आपल्याकडेही विरोध झाला आहे. झोमॅटोने २०१७ मध्ये 'गोल्ड' योजना आणली. सभासदाला एका डिशवर एक डिश फुकट. सभासदाची फी कंपनीला, फुकट डिशचा खर्च हॉटेलला. ऑगस्ट २०१९ मध्ये गुरुग्रामच्या हॉटेलवाल्यांनी 'लॉगआउट' मोहीम सुरू केली आणि थोड्याच दिवसांत देशभरातली हजाराहून अधिक हॉटेलं या योजनेतून बाहेर पडली. राष्ट्रीय पातळीवरची त्यांची संघटना एनआरएआय पाठीशी उभी राहिली. कंपनीला नियम बदलावे लागले, दिवसाला आणि टेबलाला किती फुकट डिश यावर मर्यादा आली. पुढे याच संघटनेच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये झोमॅटो आणि स्विगीच्या व्यवहारांच्या चौकशीचा आदेश दिला.

यातून छोट्या दुकानदाराने घ्यायचं ते एवढंच: एकटा माणूस कमिशनवर घासाघीस करू शकत नाही. तालुक्याची व्यापारी संघटना किंवा पाच-दहा हॉटेलवाले एकत्र बसून बोलले तर अटी बदलतात. गिऱ्हाइकांनी गट करायचा आणि दुकानदारांनी एकेकटं राहायचं, असं का?

सही करण्याआधी

कंपनीचा माणूस समोर बसला असताना या गोष्टी विचारून कागदावर लिहून घ्याव्यात:

– एकूण कुपनं किती? आकडा ठरवा. आपल्याला झेपेल तेवढाच.
– कोणत्या वारी, कोणत्या वेळेत चालणार? सण, लग्नसराई, शनिवार-रविवार वगळता येतील का?
– कमिशन किती टक्के, ते मूळ किमतीवर की सवलतीनंतरच्या किमतीवर? जीएसटी धरून हातात नेमके किती रुपये येणार?
– पैसे किती दिवसांनी खात्यात येणार? न वापरलेल्या कुपनांचे पैसे कुणाचे?
– एका माणसाला किती वेळा वापरता येणार? जुन्या गिऱ्हाइकांना वगळता येईल का?
– करार मध्येच थांबवायचा असेल तर काय करावं लागेल?
– गिऱ्हाइकाचं नाव आणि नंबर आपल्याला मिळणार की कंपनीकडेच राहणार?

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. नंबर कंपनीकडे राहिला तर गिऱ्हाईक कंपनीचं. पुढच्या महिन्यात ते शेजारच्या हॉटेलच्या ऑफरवर जाईल. कुपन घेऊन आलेल्या माणसाला विचारून त्याचा नंबर वहीत घेतला, तर पुढच्या वेळी निरोप थेट पाठवता येतो, मध्ये कुणी नाही.

कुपन विकलं गेल्यावर दुकानाने ते नाकारणं धोक्याचं आहे. गिऱ्हाइकाने पैसे भरलेले असतात, तो राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करू शकतो. म्हणून विचार आधी करायचा, नंतर नाही. आणि नोंदणीच्या नावाखाली येणाऱ्या लिंकपासून सांभाळून राहावं. खात्यात पैसे येण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. कुणी टाकायला सांगितला तर तो चोर समजावा. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करावा.

कंपनीशिवायही ऑफर देता येते

कुपन कंपनी जे करते त्यातलं बरंचसं आज एका फोनवर होतं. गुगल मॅपवर दुकानाची नोंद फुकट आहे. व्हॉट्सॲपवर दुकानाचं खातं फुकट आहे. मंगळवारी दुपारी पार्लर रिकामं असेल तर सकाळी स्टेटस टाकायचं: 'आज दुपारी दोन ते पाच, पहिल्या पाच जणींना २० टक्के सूट.' पाच म्हणजे पाच. 'चार मैत्रिणी मिळून या, एकीचं हेअरकट आमच्याकडून,' ही खरी ग्रुप ऑफर. कमिशन शून्य. ५० टक्के सवलत आणि त्यावर निम्मं कमिशन देण्यापेक्षा २० टक्के सवलत स्वतः दिली तर गिऱ्हाईकही खूश, आणि ६०० च्या फेशियलचे ४८० हातात.

आणि जुन्या माणसाला विसरू नये. नव्याला खेचण्यासाठी निम्मी किंमत सोडायची तयारी असेल, तर त्यातला दहावा हिस्सा रोजच्या गिऱ्हाइकासाठी खर्च करून बघावा. दहा थाळ्यांवर अकरावी फुकट, दिवाळीला घरी फराळाची पुडी, असं काहीही. ज्याच्यावर वर्षभर चूल पेटते तो माणूस ॲपवर नसतो, तो रोज दारात येत असतो.

ॲप वाईट नाही, ऑफरही वाईट नाही. परगावचं गिऱ्हाईक, रिकामी जागा आणि ठरवलेला आकडा, या तीन गोष्टी असतील तर खुशाल सही करावी. यातली एक नसेल तर दोनदा विचार करावा. तिन्ही नसतील, तर आलेल्या पोराला चहा पाजावा आणि हात जोडावेत.